वेबसाइट अडली तर आधी दोष कुठे आहे ते शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे: एखादी वेबसाइट कधी उघडतच नाही, कधी लॉगिन करून पुन्हा लॉगिनच्याच पानावर आणून सोडते, कधी सगळा फॉर्म भरल्यावर शेवटच्या बटणापाशी अडते. कुणालाही विचारलं की "कॅशे साफ करा" (म्हणजे ब्राउझरने साठवून ठेवलेल्या पानांच्या प्रती पुसा) एवढंच उत्तर मिळतं आणि ते करूनही काम होत नाही. मग नेमकं करायचं काय?

वेबसाइट वापरणाऱ्यांना तांत्रिक मदत करण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे, त्या अनुभवावरून सांगतो. कॅशे साफ करणं हा उपाय खरा आहे, पण तो एकाच प्रकारच्या अडचणीवरचा. तुम्ही आणि ते पान यांच्यामध्ये चार जागा येतात: तुमचं उपकरण, त्यातला ब्राउझर, मधलं नेटवर्क आणि पलीकडचा सर्व्हर, म्हणजे साइट जिथे ठेवलेली असते तो संगणक. दोष बहुतेक वेळा यांतल्या एकाच जागी असतो. ती जागा कळेपर्यंत काही साफ करू नका, काही अनइन्स्टॉल करू नका, पासवर्ड बदलू नका. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि साइट सुरू झाली, तरी ती कशामुळे सुरू झाली हे कळत नाही. सुरू नाही झाली, तर मूळच्या अडचणीत आपण नवीन घातली नाही ना, हेही सांगता येत नाही. म्हणून एका वेळी एकच बदल करायचा आणि लगेच तपासायचं.

जागा ठरवायला पाच मिनिटं पुरतात. आधी दुसरी एखादी साइट उघडून बघा. तीही उघडत नसेल तर या साइटचा विचार सोडा, इंटरनेटकडे बघा. दुसरी उघडते आणि हीच उघडत नाही, तर फोनचं वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर हीच साइट उघडा. फोनवर उघडली म्हणजे सर्व्हर ठीक आहे, दोष तुमच्या वाय-फायमध्ये किंवा संगणकात आहे. आता त्या संगणकाला फोनचा हॉटस्पॉट द्या. उघडली तर वाय-फाय किंवा त्यामागचा सेवादाता, नाही उघडली तर संगणक किंवा ब्राउझर. एवढ्यात निम्मं निदान झालेलं असतं.

दोष संगणकाच्या बाजूला आहे असं दिसलं की ब्राउझरची खासगी विंडो उघडा. क्रोममध्ये तिला इनकॉग्निटो म्हणतात. ही विंडो मला फार उपयोगी वाटते, कारण तिच्यात जुन्या कुकीज (तुम्हाला ओळखण्यासाठी साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी) नसतात आणि क्रोममध्ये एक्स्टेन्शनही (ब्राउझरला वरून जोडलेली छोटी ॲप) आपण मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय चालत नाहीत. साइट नेहमीच्या विंडोत अडते आणि खासगी विंडोत चालते, तर दोषी दोघांपैकी एक: जुना साठलेला डेटा किंवा एखादं एक्स्टेन्शन. नेहमीच्या विंडोत एक्स्टेन्शन एकेक करून बंद करा. जाहिराती अडवणारी, स्क्रिप्ट रोखणारी आणि व्याकरण तपासणारी एक्स्टेन्शन आधी बघा. आणखी एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे ब्राउझरचं आपोआप भाषांतर. ते पानाच्या आतली रचनाच बदलतं, त्यामुळे काही साइटवर फॉर्मची बटणं चालेनाशी होतात किंवा पान मध्येच कोरं पडतं. वाचताना भाषांतर ठेवा, फॉर्म भरताना मूळ भाषेवर या.

एक्स्टेन्शन निर्दोष निघाली तर उरतो साठलेला डेटा. तोही फक्त त्याच साइटचा काढा. ॲड्रेस बारच्या डाव्या टोकाला जे छोटं चिन्ह असतं त्यावर क्लिक केलं की कुकीज आणि साइट डेटा हा पर्याय मिळतो. तिथून एकाच साइटचा डेटा काढता येतो आणि बाकी सगळीकडची लॉगिनं शाबूत राहतात. सरसकट "क्लिअर ब्राउझिंग डेटा" करताना पासवर्डच्या चौकटीत टिक राहिली तर साठवलेले पासवर्डही जातात, आणि मग एका साइटसाठी दहा साइटचे पासवर्ड आठवत बसावं लागतं. पान जुनंच दिसतंय, मांडणी विस्कटली आहे, एवढीच तक्रार असेल तर तेही नको. विंडोज किंवा लिनक्सवर कंट्रोल, शिफ्ट आणि आर ही तीन बटणं एकत्र दाबा, मॅकवर क्रोममध्ये कंट्रोलच्या जागी कमांड. पान सर्व्हरवरून नव्याने मागवलं जातं.

आता एररच्या आकड्यांकडे. लोक ते वाचतच नाहीत, आणि तिथेच सर्वांत जास्त माहिती असते. आकडा ४ ने सुरू होत असेल तर सर्व्हर म्हणतो आहे की तुमच्या विनंतीत काहीतरी अडचण आहे. ५ ने सुरू होत असेल तर तो स्वतःच अडचणीत आहे.

४०४ म्हणजे पान त्या पत्त्यावर नाही. मुख्य पानावरून शोधत या. ४०३ म्हणजे पान आहे, पण तुम्हाला परवानगी नाही. लॉगिन संपलं असेल किंवा व्हीपीएन (तुमची जोडणी दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सेवा) चालू असेल तरी हा येतो, कारण अनेक साइट व्हीपीएनचे पत्ते अडवतात. तो बंद करून बघा. ४२९ म्हणजे तुम्ही थोड्या वेळात फार विनंत्या पाठवल्या. यावर पुन्हा पुन्हा रिफ्रेश करणं हा सगळ्यांत वाईट उपाय, कारण त्याने थांबण्याचा काळ लांबू शकतो. हात बाजूला ठेवून दहा-पंधरा मिनिटं थांबा. ४०० आणि सोबत कुकी फार मोठी झाल्याचा उल्लेख दिसला, तर त्या साइटच्या कुकीज काढा. नुसती कॅशे साफ करून इथे भागत नाही.

५००, ५०२, ५०३, ५०४ यांवर तुमच्या हातात काही नाही. थांबायचं. हे पटत नाही म्हणून लोक राउटर रीसेट करतात, फोन फॅक्टरी रीसेटपर्यंत नेतात. ८ जून २०२१ ला फास्टली या कंपनीच्या सेवेत बिघाड झाला आणि जगभरच्या मोठमोठ्या बातम्यांच्या साइट ५०३ दाखवू लागल्या. १८ नोव्हेंबर २०२५ ला क्लाउडफ्लेअर या तशाच कंपनीत बिघाड झाला, तेव्हाही एकमेकींशी काही संबंध नसलेल्या असंख्य साइट एकदम ५०० च्या घरातले एरर देत होत्या. वेगवेगळ्या मालकांच्या साइट अशा मधल्या एकाच कंपनीवर उभ्या असतात, हे माहीत असलं की अशा दिवशी माणूस स्वतःच्या उपकरणाशी झटापट करत नाही.

कधी आकडा येत नाही, ब्राउझर स्वतःचाच निरोप दाखवतो. "साइट सापडत नाही" अशा अर्थाचा निरोप म्हणजे नावावरून सर्व्हरचा अंकी पत्ता मिळाला नाही. हे काम डीएनएस करतं. आधी पत्त्याचं स्पेलिंग तपासा. ते बरोबर असेल आणि फोनच्या डेटावर साइट उघडत असेल, तर वाय-फायच्या सेटिंगमध्ये डीएनएस बदलून १.१.१.१ किंवा ८.८.८.८ टाका. पहिली क्लाउडफ्लेअरची सेवा, दुसरी गूगलची, दोन्ही मोफत. ऑफिसच्या संगणकावर हा बदल स्वतः करू नका, तिथल्या अंतर्गत साइट बंद पडतील. अर्थात नाव न सापडणं हा प्रत्येक वेळी तुमच्याकडचा दोष नसतो. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक सुमारे सहा तास बंद होतं, तेव्हा त्यांचे डीएनएस सर्व्हरच इंटरनेटवरून पोहोचण्यापलीकडे गेले होते. वापरणाऱ्याला वाटावं आपलंच नेट गेलं. म्हणून दुसरी साइट उघडून बघणं ही पहिली पायरी सोडायची नाही.

सार्वजनिक वाय-फायवर जोडणी दिसते, पण कुठलीच साइट उघडत नाही, असं झालं तर त्या वाय-फायचं स्वतःचं लॉगिन पान अडकलेलं असतं. सुरक्षित पानांवरून ते तुम्हाला वळवू शकत नाही. फोनच्या सूचनांमध्ये "नेटवर्कमध्ये साइन इन करा" असं असेल त्यावर टॅप करा, नाहीतर वाय-फाय एकदा बंद करून पुन्हा जोडा.

"युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट" हा लाल इशारा आला की माणसं घाबरतात किंवा "तरीही पुढे जा" दाबतात. दोन्ही नको. एकच प्रश्न विचारा: हा इशारा एकाच साइटवर येतो आहे की सगळीकडे? सगळीकडे येत असेल तर उपकरणाचं घड्याळ बघा. प्रत्येक सुरक्षित साइटकडे तिची ओळख पटवणारं प्रमाणपत्र असतं, त्याला सुरुवातीची आणि संपण्याची तारीख असते, आणि ती मुदत लहान असते. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची मोफत प्रमाणपत्रं ९० दिवसांची म्हणून ओळखली जातात, आणि सगळ्याच संस्थांच्या प्रमाणपत्रांची कमाल मुदत टप्प्याटप्प्याने कमी करत २०२९ पर्यंत ४७ दिवसांवर आणायचं उद्योगात ठरलं आहे. जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरची छोटी बॅटरी संपली की तारीख काही वर्षं मागे जाते, आणि त्या तारखेला आजचं कुठलंच प्रमाणपत्र जन्मलेलं नसतं. घड्याळ आपोआप जुळणाऱ्या सेटिंगवर ठेवा, इशारे एका फटक्यात जातात. इशारा एकाच साइटवर असेल तर चूक त्यांची असू शकते, किंवा मध्ये कुणी डोकावत असेल. घरी बसून ते ओळखता येत नाही, म्हणून तिथे पासवर्ड किंवा कार्डाचा नंबर टाकू नका. नियम एवढाच.

फार जुन्या उपकरणांची गोष्ट वेगळी. त्यांच्यात विश्वासू प्रमाणपत्र-संस्थांची यादीच जुनी असते. ३० सप्टेंबर २०२१ ला असं एक मूळ प्रमाणपत्र संपलं आणि अद्ययावत न केलेल्या कितीतरी जुन्या यंत्रांवर चांगल्या साइट उघडेनाशा झाल्या. विंडोज ७ वर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती. अशा यंत्रावर नवीन साइट अर्धवट चालली तर सेटिंगमध्ये शोधत बसू नका, दुसरं उपकरण घेऊन काम उरका.

लॉगिनच्या तक्रारी सर्वांत जास्त येतात आणि त्यांत दोन अगदी निराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. "पासवर्ड चुकीचा" असं साइट म्हणते ही एक. साइट काहीच न म्हणता परत लॉगिनच्या पानावर आणते ही दुसरी.

पहिलीत डोळ्याचं चिन्ह दाबून पासवर्ड उघडा करून वाचा. ब्राउझरने जुना पासवर्ड आपोआप भरलेला असतो, कॉपी करताना शेवटी एक रिकामी जागा आलेली असते, फोनने पहिलं अक्षर कॅपिटल केलेलं असतं. तरी जमलं नाही तर दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नानंतर थांबा आणि रीसेट मागा. सतत प्रयत्न केले तर खातं कुलूपबंद होतं. रीसेटचा मेल उशिरा आला म्हणून चार वेळा मागितला, तर बऱ्याच ठिकाणी फक्त शेवटचा चालतो आणि आपण पहिला उघडून "लिंक कालबाह्य" वाचत बसतो. एसएमएसने येणाऱ्या ओटीपीचंही तसंच. ऑथेंटिकेटर ॲपमधला कोड मात्र साधारणपणे दर ३० सेकंदांनी फोनच्या घड्याळावरून तयार होतो. तो सतत चुकीचा ठरत असेल तर पुन्हा घड्याळच बघा.

दुसरीत पासवर्ड बरोबर असतो, पण तुम्ही आत आलात याची खूण असलेली कुकी ब्राउझर ठेवून घेत नाही. कुकीज पूर्ण बंद केल्या आहेत का ते बघा. एका साइटवर दुसऱ्या साइटच्या (उदाहरणार्थ गूगलच्या) खात्याने लॉगिन करत असाल, तर तिसऱ्या पक्षाच्या, म्हणजे उघडलेल्या साइटखेरीज इतर साइटच्या, कुकीज अडवल्याने हे होऊ शकतं. सफारी २०२० पासून त्या मुळातच अडवते. बुकमार्कचाही संशय घ्या. लॉगिनच्या मधल्याच एखाद्या पानाचा बुकमार्क केला असेल तर त्या पत्त्यात त्या वेळेपुरताच चालणारा मजकूर असतो. मुख्य पानाचा बुकमार्क ठेवा.

फॉर्मबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथे माणसांचे तासन्‌तास जातात. लांबलचक फॉर्म तासभर मन लावून भरला, "सबमिट" दाबलं आणि "सेशन संपलं", म्हणजे लॉगिनची मुदत सरली. तुम्ही टाइप करत होता, मग साइटला वाटलं कसं की तुम्ही नाही? कारण अनेक फॉर्ममध्ये तुम्ही टाइप केलेलं सर्व्हरला कळतच नाही. "सेव्ह" किंवा "पुढे" दाबता तेव्हाच तुमच्याकडून त्याला काही मिळतं, तोवर त्याच्या लेखी तुम्ही गप्प बसलेले असता. लांब उत्तरं आधी वेगळ्या ठिकाणी लिहून मग चिकटवा, कागद-फोटो आधी तयार ठेवा, आणि "सेव्ह" असेल तिथे दर भागानंतर दाबा. तीच साइट दोन टॅबमध्ये उघडू नका. काही साइट त्यातलं एक सेशन मारून टाकतात.

बटण दाबलं आणि काहीच झालं नाही, तर आधी वर स्क्रोल करा. चुकलेल्या रकान्याचा लाल निरोप बहुतेक वेळा स्क्रीनबाहेर वर असतो. तारीख टाइप न करता कॅलेंडरमधून निवडून बघा. पॉप-अप अडवल्याचं चिन्ह ॲड्रेस बारमध्ये आलं आहे का ते बघा. पावती, पीडीएफ आणि पेमेंटची खिडकी तिथेच अडकते.

आपण मराठीत टाइप करणाऱ्यांच्या तीन अडचणी इतरांच्या सल्ल्यात सापडत नाहीत. कीबोर्ड मराठीवर असताना फोन नंबर टाइप केला की आकडे देवनागरी उमटतात, आणि बहुतेक साइट रोमन अंकच ओळखतात. डोळ्यांना नंबर बरोबर, साइटला "अवैध". आकड्यांच्या रकान्यात जाताना कीबोर्ड इंग्रजीवर न्या. दुसरी, अक्षरमर्यादा. यूटीएफ-८ या, अक्षरं संगणकात साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट (साठवणीच्या जागेचं माप) घेतं, मात्रा आणि हलन्त धरून. मर्यादा बाइटमध्ये मोजणाऱ्या साइटवर १५० ची जागा मराठीत ५० चिन्हांतच संपते. मजकूर तुटत असेल तर एक तृतीयांश लांबीत लिहून बघा. तिसरी नावांबाबतची. "तऱ्हा" मधला अर्धा र युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत) दोन प्रकारे लिहिता येतो, त्यातल्या एकात न दिसणारं जोडचिन्ह असतं. दिसायला नाव सारखंच, संगणकाला मात्र दोन वेगळी नावं. नाव जुळत नाही असा निरोप आला तर कुठून तरी आणून चिकटवलेलं नाव पुसा आणि ज्या कीबोर्डवर आधी नोंदवलं होतं त्याच कीबोर्डने हाताने टाइप करा.

फाइल चढत नसेल तर तीन गोष्टी बघा: आकार, प्रकार, नाव. आयफोन २०१७ पासून फोटो एचईआयसी प्रकारात साठवू शकतो आणि पुष्कळ साइट तो घेत नाहीत. फाइलच्या नावाचं शेपूट बदलून जेपीजी लिहिल्याने आतला प्रकार बदलत नाही. फोटो उघडून जेपीजी म्हणून एक्स्पोर्ट करावा लागतो. आकार कमी करायचा तर आधी लांबी-रुंदी कमी करा, दर्जा नंतर. असं केलं की अक्षरं वाचनीय राहतात. नाव लहान, रोमन अक्षरांत आणि मोकळ्या जागांशिवाय ठेवा. पीडीएफला पासवर्ड असेल तर तो काढलेली प्रत द्या.

पेमेंट मध्येच लटकलं तर रिफ्रेश नको, बॅक नको. फॉर्म पुन्हा पाठवायचा का असं ब्राउझरने विचारलं तर रद्द करा. बँकेचा सर्व्हर आणि साइटचा सर्व्हर वेगळे असतात. बँकेने पैसे वळते केले आणि तो निरोप साइटपर्यंत पोहोचला नाही, असं होऊ शकतं. नव्या टॅबमध्ये बँकेचं खातं आणि साइटवरची व्यवहारांची यादी दोन्ही बघा, व्यवहार क्रमांक टिपून ठेवा, आणि पहिल्या व्यवहाराचं काय झालं ते कळल्याशिवाय दुसरा करू नका.

या सगळ्यात एक धोका आहे आणि तो मी दर वेळी सांगतो. अडलेला माणूस सर्चमध्ये मदतीचा नंबर शोधतो आणि वरची जाहिरात कधीकधी ठगांची असते. मदतीचा पत्ता फक्त त्या साइटच्या स्वतःच्या पानावरून घ्या. फोनवर कुणी स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला सांगितलं, ओटीपी विचारला, तर फोन ठेवा. हल्ली "तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा" म्हणत विंडोजचं बटण आणि आर दाबून काहीतरी चिकटवायला सांगणारी पानंही दिसतात. तो मजकूर म्हणजे तुमच्याच हातून चालवून घ्यायचा आदेश असतो. ती तपासणी नाही, पान तिथेच बंद करा.

दोष पलीकडचा आहे हे ठरलं की तक्रार अशी लिहा की वाचणाऱ्याला परत काही विचारावं लागू नये. "साइट चालत नाही" यावरून कुणालाच काही शोधता येत नाही. कोणत्या पानावर होता त्याचा पूर्ण पत्ता, तारीख आणि मिनिटापर्यंत वेळ, काय दाबलं, काय अपेक्षित होतं, काय झालं, एररचे शब्द जसेच्या तसे, उपकरण, ब्राउझर आणि त्याची आवृत्ती, आणि वर सांगितलेल्यापैकी काय काय तपासून झालं. वेळ महत्त्वाची, कारण सर्व्हरच्या नोंदींमध्ये शोध तिच्यावरूनच लागतो. एररच्या पानाखाली लांब अक्षर-आकड्यांचा संदर्भ क्रमांक असला तर तोही द्या; तुमची नेमकी विनंती त्यावरून सापडते. स्क्रीनशॉट जोडा, पण त्यावरचा खाते क्रमांक आणि ओटीपी झाकून.

कधी तंत्रज्ञ ब्राउझरमधून एचएआर नावाची फाइल मागतात. तिच्यात पानाची सगळी देवाणघेवाण नोंदलेली असते, म्हणून निदानाला ती उत्तम. पण तिच्यात तुमच्या लॉगिनची खूणही असू शकते, आणि ती ज्याच्या हाती लागेल तो पासवर्डशिवाय तुमच्या खात्यात शिरू शकतो. लॉगिनची सेवा देणाऱ्या ओक्टा या कंपनीच्या मदत-यंत्रणेत हल्लेखोर घुसल्याचं ऑक्टोबर २०२३ मध्ये उघड झालं, तेव्हा ग्राहकांनी पाठवलेल्या अशाच फाइलींमधल्या खुणा त्यांनी वापरल्या होत्या. फाइल मागणारा खात्रीचा असेल तरच द्या, ती नोंदवताना फक्त तेवढीच साइट उघडी ठेवा, क्रोम संवेदनशील माहिती वगळून एक्स्पोर्ट करण्याचा पर्याय देतो तो निवडा, आणि पाठवायच्या आधी त्या साइटवरून सगळ्या उपकरणांवर लॉगआउट करा.